मुंबईची उगवतीकडची बाजू : ओमती ते भाऊचा धक्का

जबलपूरच्या ओमतीतून बोलतेय. खिडकीखाली रस्ता आहे, त्यामुळे अधूनमधून हॉर्न ऐकू येतील, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय प्रवासाचा आहे. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की वयस्कर आईवडिलांना घेऊन लांबचा प्रवास करायचाय, चार दिवस स्वच्छ ऊन आणि समुद्र बघायचाय, तर कुठे जावं? गोवा, कोची, विशाखापट्टणम अशी नावं तुमच्याकडूनच आली. मी मात्र मुंबई सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, मुंबईत काय नवीन? आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसं तिथे जातच असतो. लग्नाला जातो, मुंजीला जातो, दवाखान्यासाठी जातो. अगदी खरं. पण मुंबईचं बंदर पाहिलंय का? चौपाटी नाही म्हणत मी, बंदर.

मीही पाहिलं नव्हतं, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत. आणि पाहिलं ते आईमुळे. सहा वर्षांपूर्वी बाबांच्या आजारपणात आम्ही तिघं तीन महिने मुंबईत होतो. लॉजची खोली, दवाखान्यातली रांग, औषधाचं दुकान, पुन्हा खोली. बाबा परत आले नाहीत. त्यानंतर आई मुंबईचं नाव काढू देईना. डोंबिवलीच्या मामेभावाच्या घरी लग्न निघालं, तर म्हणाली, ''तू जाऊन ये. मला ते शहर नको.'' चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला यावर काय सांगणार? पण मला वाटत राहिलं, की एवढं मोठं शहर आणि तिच्या मनात त्यातली एकच गल्ली उरावी, हे काही बरं नाही. म्हणून मी वाचायला लागले. त्यातून जे हाती आलं आणि मग आम्ही जे पाहिलं, ते आज सांगते.

चौपाटी वेगळी, बंदर वेगळं

नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबई म्हणजे दक्षिणेकडे लोंबणारं एक लांबट बोट. पश्चिमेला गिरगाव, दादर, जुहू. तिथे उघडा अरबी समुद्र आहे, म्हणून तिथे लाटा येतात, सूर्य मावळतो आणि आपण भेळ खातो. बंदर मात्र पूर्वेला आहे. एका बाजूला मुंबई, समोर उरण-अलिबागकडची रायगडची जमीन, उत्तरेला ठाण्याची खाडी, आणि मधे रुंद, खोल, शांत पाणी. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला की कुलाब्याचं टोक आणि मुंबईची जमीन त्याला आडवी येते. पूर्वेच्या पाण्यातली जहाजं त्या आडोशाला उभी राहतात. जहाजं या आडोशासाठी आली आणि जहाजांमागून शहर आलं.

म्हणजे मुंबईत सूर्य मावळतो चौपाटीवर, पण उगवतो तो बंदरावर, समोरच्या डोंगरांमागून. आपण पाहुणे संध्याकाळी मोकळे होतो, म्हणून मावळतीची बाजू बघून परत येतो. शिवाय पूर्वेचा बराचसा किनारा गोद्या, नौदल आणि गोदामं यांच्या कुंपणाआड आहे. जिथून आत जाता येतं अशा जागा मोजक्याच. त्या माहीत असाव्या लागतात.

जबलपूरचं तोंड मुंबईकडे कसं वळलं

या बंदराचा आणि आमच्या गावाचा काय संबंध, असं आईनेही विचारलं होतं. तर ऐका.

रेल्वे येण्याआधी जबलपूरची पाठ मुंबईकडे होती. नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून जबलपूरमार्गे मिर्झापूरला जायचा, तिथून गंगेतून होड्यांनी कलकत्त्याला. आमच्या बाजारपेठेचं बंदर म्हणजे कलकत्ता. १८६७ साली पहिली रेल्वे आली तीही तिकडूनच, अलाहाबादहून, ईस्ट इंडियन रेल्वेची.

इकडे मुंबईहून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे पुढे सरकत होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली, ते आपण शाळेत शिकलोय. पुढे १८६५ पर्यंत थळ घाट चढून रूळ इगतपुरीला पोहोचले. मग भुसावळ, खंडवा, इटारसी. आणि ७ मार्च १८७० ला हे रूळ जबलपूरला अलाहाबादच्या रुळांशी जुळले. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी जबलपूरला आले होते. मुंबई आणि कलकत्ता ही दोन बंदरं त्या दिवशी पहिल्यांदा थेट रेल्वेने जोडली गेली, आणि तो सांधा आमच्या गावात पडला.

त्याआधी जेमतेम चार महिने, १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा उघडला होता. या दोन तारखा शेजारी ठेवून बघा. युरोपातून येणाऱ्या जहाजाला आफ्रिकेला वळसा घालायची गरज उरली नाही, त्यामुळे मुंबई जवळ आली. आणि मुंबईला उतरलेला माणूस किंवा टपाल गाडी धरून जबलपूरमार्गे थेट कलकत्त्याला जाऊ लागलं. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी आली ती यानंतर लगेच, १८७२ मध्ये. गंमत म्हणजे कादंबरीत रूळ मधेच संपतात आणि नायकाला हत्ती घ्यावा लागतो. प्रत्यक्षात तोवर रूळ जुळून दोन वर्षं झाली होती. व्हर्नला हत्ती हवा होता, असं म्हणू या.

सतरा तासांची वाट

जबलपूर ते मुंबई अंतर साधारण ९९० किलोमीटर. विमानही आहे, पण या प्रवासाला गाडीच घ्या. आम्ही हावडा-मुंबई मेल घेतली, गया-प्रयागराजमार्गे जबलपूरला येणारी, म्हणजे त्या जुन्याच वाटेची गाडी. सतरा-अठरा तास लागतात.

जबलपूर सोडल्यावर भेडाघाटच्या पुढे नर्मदा ओलांडतो. आईने सवयीने नाणं टाकलं. तेव्हा मी तिला म्हटलं, ही नर्मदा भडोचजवळ अरबी समुद्राला मिळते, आपणही त्याच समुद्राला निघालोय. रात्री इटारसी, मग खंडवा. भुसावळच्या अलीकडे तापी. तीही पश्चिमेलाच जाणारी. झोप लागत नसेल तर या दोन नद्या मोजत जायला बऱ्या.

खरा बघण्यासारखा भाग सकाळी येतो. इगतपुरीला गाडी थांबते, ब्रेक तपासले जातात आणि थळ घाट सुरू होतो. कसाऱ्यापर्यंतच्या पंधरा-एक किलोमीटरमध्ये गाडी सुमारे ३०० मीटर खाली उतरते. चढण १:३७ आहे, म्हणजे सदतीस पावलं चालावं आणि एक पाऊल वर चढावं अशी. जमिनीवर चालताना ही काहीच वाटणार नाही, पण लोखंडी चाकं लोखंडी रुळांवर घसरू पाहतात, त्यांना ही भारी पडते. म्हणूनच परतीच्या वाटेवर कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, ढकलायला. ती 'बँकर' इंजिनं बघायला उजेडी उठून बसा.

आणि शेवटचं स्टेशन? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. १८८७ च्या सुमारास फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने उभी केलेली इमारत आपण सगळे फोटोत ओळखतो. पण त्याआधी तिथे होतं बोरीबंदर. बंदर हा शब्द नावातच आहे. रूळ सुरू झाले ते धक्क्याजवळून. पुढे भराव पडत गेले, समुद्र मागे सरला, नाव तेवढं लोकांच्या तोंडात राहिलं.

हार्बर लाइन, पण हार्बर कुठाय?

याच स्टेशनातून लोकलची हार्बर लाइन सुटते. लाखो माणसं रोज तिच्यातून जातात आणि बंदर काही त्यांना दिसत नाही. मामेभाऊ म्हणाला, ''ताई, मी तीस वर्षं मुंबईत आहे, बंदरावर बघायचं काय असतं?'' त्यालाही बरोबर घेतलं.

स्टेशनांची नावं ऐकत जा. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. डॉकयार्ड म्हणजे जहाजांची गोदी. कॉटन ग्रीन म्हणजे कापसाचं मैदान. कापसाचा बाजार आधी फोर्टातल्या हिरवळीवर भरायचा, मग कुलाब्याला गेला आणि पुढे शिवडीजवळ आला, नाव बरोबर घेऊन. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बैलांवरून मिर्झापूरला जाणारा आपल्या भागातला कापूस रूळ आल्यावर या बाजूला वळला. ही सगळी गोदामं त्याच ओघाची.

शिवडीला मात्र उतरा. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत तिथल्या चिखलात हजारो रोहित पक्षी येतात, गुलाबी झाक असलेले. भरतीआधी किंवा भरतीनंतर दोन-एक तास ही वेळ चांगली. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलात लांब जातात आणि पूर्ण भरतीला चिखलच बुडतो. तिथूनच अटल सेतू निघतो, जानेवारी २०२४ मध्ये उघडलेला, सुमारे २२ किलोमीटरचा. पलीकडे न्हावाशेवा. १९८९ साली तिथे नवं बंदर सुरू झालं आणि मुंबईची मोठी मालवाहतूक हळूहळू पाण्यापलीकडे गेली.

गोदी म्हणजे काय?

हे थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे पुढचं बघताना मजा येईल. मुंबईत मोठ्या भरती-ओहोटीला पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होतं. म्हणजे सकाळी धक्क्याच्या बरोबरीने असलेलं जहाज दुपारी एका मजल्याने खाली जातं. मग माल चढवायचा-उतरवायचा कसा? उपाय असा, की किनाऱ्यात मोठा हौद खणायचा आणि त्याला दार बसवायचं. भरतीला जहाज आत घ्यायचं आणि दार लावायचं. बाहेर ओहोटी लागली तरी हौदातलं पाणी तसंच राहतं. हीच ती गोदी. ससून गोदी १८७५ ची, प्रिन्सेस १८८० ची, व्हिक्टोरिया १८८८ ची, अलेक्झांड्रा १९१४ ची. शेवटचीला आता इंदिरा गोदी म्हणतात. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया पुढे बुजवल्या गेल्या.

यांपैकी आपल्याला आत जाऊन बघता येईल अशी म्हणजे कुलाब्याची ससून गोदी. पहाटे पाच-साडेपाचला पोहोचा. मासळीच्या बोटी लागलेल्या असतात आणि कोळणींचा लिलाव चालू असतो. पायांत रबरी चप्पल घाला, वाटेत उभं राहू नका, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा जाऊ नका. आमची आई मासे खात नाही. वास सहन होईल का, ही मला धास्ती होती. ती नाकाला पदर लावून अर्धा तास उभी राहिली आणि एका कोळणीला पापलेटचा भाव विचारून आली. का विचारला, तर म्हणे, ''बाजारात आलो आणि भाव विचारला नाही, असं कसं?''

भाऊचा धक्का

आता माझ्या आवडीची जागा. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून टॅक्सीने पाच-दहा मिनिटं. कागदोपत्री 'फेरी वार्फ', पण टॅक्सीवाल्याला भाऊचा धक्काच सांगा.

हा भाऊ कोण? लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, पाठारे प्रभू समाजातले. एकोणिसाव्या शतकात प्रवासी होड्यांतून चिखलात उतरत. धड धक्का नव्हता. भाऊंनी भराव टाकून धक्का बांधला आणि लोकांनी त्याला त्यांचंच नाव दिलं. हे भाऊ नोकरीला कुठे होते माहीत आहे? कुलाब्याला, तोफगाड्यांच्या कारखान्यात.

हे मी आईला धक्क्यावर उभं राहून सांगितलं आणि ती एकदम वळून माझ्याकडे बघायला लागली. कारण बाबांची सगळी नोकरी जबलपूरच्या गन कॅरिज फॅक्टरीत झाली, आमच्या भाषेत जीसीएफमध्ये. १९०४ चा कारखाना, तोफांचे गाडे बनवणारा. ''म्हणजे आपल्यातलेच की,'' आई म्हणाली. मग मोरा बंदराची लाँच सुटेपर्यंत ती बाबांविषयी बोलत होती. ड्युटीची सायकल, डबा, भोंगा वाजला की घराघरांत लागणारी चहाची आधणं. आजारपणाविषयी एक शब्द नाही.

इथून उरणच्या मोऱ्याला आणि रेवसला लाँच जातात. पाऊण-एक तासाचा प्रवास, नेहमीची जाणारी-येणारी माणसं, पोती, कोंबड्या, शाळेची पोरं. मोठ्या ओहोटीला मोऱ्याकडे गाळामुळे लाँच अडतात, तेव्हा आधी विचारून घ्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर भरतीच्या वेळी चढा. तेव्हा लाँच धक्क्याच्या जवळजवळ बरोबरीला असते, ओहोटीला निसरड्या पायऱ्या उतराव्या लागतात. तेही जमणार नसेल तर इथूनच मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते. तिच्यात गाड्याही चढतात, त्यामुळे चढणं सोपं असतं.

पाण्यात गेल्यावर नांगरलेल्या जहाजांकडे बघा. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला दिसतील. नांगर पुढून टाकलेला असतो, म्हणून जहाज प्रवाहाकडे तोंड करून राहतं. भरती आत येत असेल तर तोंड बाहेरच्या समुद्राकडे, ओहोटी लागली की हळूहळू सगळी उलट फिरतात. येताना आणि जाताना दोन्ही वेळा बघा, बहुधा फरक सापडेल.

गेटवे आणि घारापुरी

गेटवे ऑफ इंडिया तुम्ही पाहिलंच असेल. जॉर्ज विटेटने रेखलेलं, ४ डिसेंबर १९२४ ला उघडलेलं. पण ते सकाळी सात वाजता बघा. सूर्य समोरच्या डोंगरांवर आलेला असतो आणि ऊन थेट कमानीत शिरतं. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून बाहेर पडली.

इथून घारापुरीला बोटी जातात, तासाभराची वाट. सोमवारी लेणी बंद असतात. बेटावर धक्क्यापासून छोटी आगगाडी आहे. पुढे शे-सव्वाशे पायऱ्या आहेत, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. भाव आधी ठरवा. आतली त्रिमूर्ती जवळपास सहा मीटर उंच आहे. आत अंधार असतो, म्हणून दोन मिनिटं नुसते उभे राहा, मग दिसायला लागते. ज्या दगडी हत्तीमुळे या बेटाला 'एलिफंटा' हे नाव पडलं, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे.

परतताना नौदलाची गोदी दिसते. त्या बाजूला कॅमेरा वळवू नका. तिथे बघताना मला १९४६ आठवलं. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' या सिग्नल शिकवणाऱ्या नौदल केंद्रात खलाशांनी अन्नावरून, वागणुकीवरून उठाव केला आणि तो बंदरातल्या जहाजांवर पसरला. त्याच महिन्याच्या अखेरीस जबलपूरला लष्कराच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमधले जवान बराकी सोडून रस्त्यावर उतरले.

आणखी एक तारीख आहे, १४ एप्रिल १९४४. 'फोर्ट स्टिकीन' जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभं होतं. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. कापसाने पेट घेतला आणि दुपारी दोन स्फोट झाले. शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान त्यात होते. आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. खमरियाच्या दारूगोळा कारखान्याजवळ राहणाऱ्या आमच्या गावाला कापूस आणि स्फोटकं शेजारी ठेवणं म्हणजे काय, हे समजवावं लागत नाही.

कधी जावं, काय सांभाळावं

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. आकाश स्वच्छ, ऊन सोसवण्याजोगं. ऑक्टोबरची उष्मा टाळा, आणि पावसाळ्यात बोटी बंद-चालू असतात म्हणून तोही टाळा. बंदराची कामं सकाळी अकराच्या आत उरका. दुपारी पाण्यावरचं ऊन वरून आणि खालून, दोन्हीकडून लागतं. टोपी, पाणी आणि लिंबू-साखर जवळ ठेवा. दिवसाला एकच बोट, एवढा नियम पाळा. पहिला दिवस आराम आणि बोरीबंदर, दुसरा ससून गोदी आणि गेटवे, तिसरा घारापुरी, चौथा शिवडी आणि भाऊचा धक्का. भरती-ओहोटीच्या वेळा रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकतात, तेव्हा दिवसांची अदलाबदल त्याप्रमाणे करा.

आणि एक सांगते. ज्यांना मुंबई दवाखान्यामुळे माहीत आहे अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. त्यांना 'विसर आता ते' म्हणून काही होत नाही. आईही विसरलेली नाही. परतीच्या दिवशी टॅक्सी त्याच जुन्या रस्त्यावरून गेली तेव्हा ती गप्प झाली, खिडकीबाहेर बघत राहिली. पण गाडीत बसल्यावर तिने बहिणीला फोन लावला आणि सांगायला लागली, ''अगं, मुंबईला एक भाऊचा धक्का आहे. ते भाऊ यांच्यासारखेच तोफगाड्याच्या कारखान्यातले...'' कसाऱ्याला मागून इंजिनं लागली तरी तिचं बोलणं चालूच होतं.

तुम्ही बडोद्यात असा, इंदूरला, हैदराबादला, बेळगावला किंवा आमच्यासारखे नर्मदेकाठी. तुमच्या गावाचा माल कोणत्या बंदरावर जात होता, कोणत्या वाटेने, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा आणि मला कळवा. त्यातून आणखी एखादी वाट सापडली तर पुढच्या गप्पा तिच्यावरच करू. नमस्कार.